सातनंतर या, साहेब: डोळे दिपवणाऱ्या हेडलाइटबाबत खुले पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातील रस्ता सुरक्षेची जबाबदारी आपसात वाटून घेतलेले परिवहन, पोलीस, बांधकाम आणि महामार्ग खात्यांचे अधिकारी,
तसेच ऊस वाहतुकीला गाड्या लावणारे साखर कारखाने

विषय: समोरच्याला आंधळं करणारे हेडलाइट आणि त्यांची रात्री कधीच न होणारी तपासणी

महोदय,

गेल्या डिसेंबरात रहिमतपूरकडून कोरेगावला येताना माझी मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. वेग तीसच्या आसपास. मागे बायको बसली होती. समोरून एक चारचाकी आली, बंपरवर आडवी एलईडीची पट्टी लावलेली. मी दोनदा डिपर दिला, म्हणजे लाइट वरखाली करून खूण केली. त्या गाडीने लाइट काही खाली घेतला नाही. ती शेजारून निघून गेली आणि माझ्यापुढे रस्ता उरलाच नाही, नुसता पांढरा डाग. तो विरायच्या आत मोळ्यांतून बाहेर आलेली उसाची टोकं तोंडावर आली.

ट्रॉलीचा टायर फुटला होता, म्हणून ती तिथेच सोडून ट्रॅक्टर पुढे गेला होता. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. कुणीतरी सावधगिरी म्हणून चार दगड मांडले होते, ते आम्ही पडल्यावर हाताला लागले. माझं खरचटण्यावर निभावलं. बायकोचं उजवं मनगट मोडलं. आत पट्टी बसवली आहे आणि अजून तिला भाकरी थापता येत नाही.

मी एसटीत एकोणतीस वर्षं चालक होतो. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरी कपाटात आहे. दवाखान्यात बायकोने एकच विचारलं, "एवढी मोठी ट्रॉली तुम्हाला दिसली कशी नाही?" तिला तेव्हा मी धड उत्तर देऊ शकलो नाही. रागवायचं कुणावर, तेही कळेना. ट्रॅक्टरवाल्यावर? त्या चारचाकीवाल्यावर? स्वतःच्या डोळ्यांवर?

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर मी एक अर्ज केला. कुठे केला ते लिहीत नाही, कारण मला कुणा एका टेबलावर खापर फोडायचं नाही. अर्ज या खात्यातून त्या खात्यात गेला. एकांनी कळवलं, हा वाहतूक पोलिसांचा विषय. दुसरीकडे कळलं, दिव्यांची तपासणी आमच्याकडे येत नाही. शेवटी जे लेखी उत्तर आलं त्याचा अर्थ एवढाच, की प्रकाश मोजण्याचं उपकरण उपलब्ध नाही, सबब कारवाई शक्य नाही, मात्र वाहनचालकांमध्ये जनजागृती करण्यात येईल.

हे उत्तर मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आधी जनजागृतीबद्दल. मी नोकरीला लागलो तेव्हा लाइट खाली घेणं हा शिष्टाचार होता आणि तो पाळलाही जायचा. समोरून गाडी दिसली की दोघंही डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, यायचे. एखादा विसरला तर एकदा फ्लॅश दिला की पुरे. कित्येक ट्रकांच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला असायचा. ट्रकांच्या पाठीवर रात्री डिपर वापरा असं लिहिलेलं असायचं, 'हॉर्न ओके प्लीज'च्या शेजारी. (त्यातलं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्यात २०१५ साली बंदी आली. डिपरच्या ओळीवर बंदी नव्हती, ती आपोआप गेली.) तेव्हाचे दिवे पिवळे आणि मंद होते. अप्परवर, म्हणजे वरच्या झोतावर, ठेवला तरी समोरच्याचे डोळे दिपायचे, पण तो आंधळा व्हायचा नाही. चूक माणसाची होती, तोवर माणसाला समजावून उपयोग होता.

आताची गोष्ट निराळी आहे. आता कित्येक गाड्या डिपरवर असतानाच डोळ्यांत लाइट मारतात. मी फ्लॅश दिला की समोरचा चिडून एकदा अप्पर मारून दाखवतो, म्हणजे आधीचा डिपर होता हे मला कळतं. त्याला काय जागृत करणार? त्याच्या मते तो नियमाने चाललाय.

हे असं का होतं, ते मला माझ्याच गाडीने शिकवलं आणि ते जरा सविस्तर सांगतो. निवृत्तीनंतर मी एक जुना पिकअप घेतला. आलं आणि घेवडा भरून कधी साताऱ्याला, कधी वाशी मार्केटला जातो. सगळं काम रात्रीचं. समोरून येणाऱ्यांच्या लाइटला वैतागून मीही एक दिवस एलईडी बल्बची जोडी आणली. कबूल करतो. दुकानदार म्हणाला, "काका, यानं रस्ता दिवसासारखा दिसेल." खोक्यावर बारीक अक्षरात ऑफ-रोड वापरासाठी असं छापलेलं होतं, ते मी नंतर वाचलं. पंधरा मिनिटांत बल्ब बसले. पहिले चार दिवस मी खूश होतो.

अपघातानंतर एका रात्री मी पिकअप आमच्या गावच्या डेअरीच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभा केला, बरोबर दहा मीटरवर. टेप, खडू आणि पुतण्या सोबत. आधी एका बाजूला जुना हॅलोजन बसवला, दुसऱ्या बाजूला एलईडी ठेवला, आणि आळीपाळीने एकेक दिवा झाकून पाहिला. हॅलोजनने भिंतीवर स्वच्छ रेघ काढली. रेघेच्या खाली उजेड, वर अंधार. दिव्याच्या उंचीपेक्षा रेघ साधारण दहा सेंटिमीटर खाली, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार, जशी असायला हवी तशी. डाव्या हाताला ती थोडी वर चढत होती. तेही बरोबर. आपण डावीकडून चालतो, तेव्हा डाव्या कडेचा पायी माणूस आणि दगड दिसावा म्हणून दिवा तसाच घडवलेला असतो. एलईडीची बाजू उघडली तर रेघच नाही. उजेड भिंतीवर सांडलेला, भिंतीच्या वर पत्र्यावर, पत्र्यामागच्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत. पुतण्या आठ मीटरवर उभा होता, त्याने हात डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला, "काका, तुम्ही रोज हे लोकांना मारत होता?"

दोन्ही बल्ब मी हातात घेऊन पाहिले. हॅलोजनच्या बल्बात दोन वाती असतात, अप्परची ६० वॅट आणि डिपरची ५५ वॅट. डिपरच्या वातीखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. वातीचा खाली जाणारा उजेड ती अडवते. तो अडवला नाही तर परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर आदळून वर जातो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. सगळी करामत त्या वाटीत आणि वात नेमकी कुठे आहे त्यात. परावर्तकाची वाटोळी खोबण त्या एका जागेसाठी घडवलेली असते. एलईडी बल्बात वात नसते. चपट्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चकाकणारे ठिपके असतात, जागा पुढेमागे, वाटी असलीच तर नावाला. चांगल्या चुलीवर वेडंवाकडं भांडं ठेवावं तसं. कंपनीतूनच एलईडी किंवा प्रोजेक्टर (भिंगाचा दिवा) घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, तिचा दिवाच त्या उजेडासाठी बांधलेला असतो. माझं भांडण हॅलोजनच्या घरात घुसवलेल्या एलईडीशी आहे, आणि बंपरवर, क्रॅशगार्डवर, टपावर जोडलेल्या त्या पट्ट्यांशी आणि ठिपक्यांशी.

त्याच रात्री मी एलईडी काढून टाकले.

आता उपकरणाबद्दल. साहेब, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ आपणा सर्वांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. समोरच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा, इतका, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपू नये. नियमात ल्युमेन नाहीत, लक्स नाहीत, म्हणजे उजेड मोजायची यंत्राची मापं नाहीत. मीटर आहेत, तेही टेपचे. आठ मीटर, अर्धा मीटर, दीड मीटर. ही तीन मापं घेऊन एक माणूस उभा राहिला आणि त्याला समोर बघता येईना, तर नियम मोडला. ज्याने हा नियम लिहिला त्याला ठाऊक असणार, की प्रत्येक नाक्यावर यंत्र पोचणार नाही, पण डोळे सगळ्यांना असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. तेव्हा उपकरण नाही हे उत्तर मला पटलेलं नाही.

मला पटलेलं कारण वेगळं आहे, आणि या पत्रात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. हा दोष फक्त अंधारात दिसतो आणि आपली सगळी तपासणी उजेडात होते.

माझ्या पिकअपला दरवर्षी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला, लागतो, कारण गाडी आठ वर्षांवरची आहे. आठ वर्षांच्या आत असती तर दोन वर्षांनी लागला असता. एका केंद्रावर मी दुपारी बारा वाजता गेलो. एलईडी तेव्हा बसवलेलेच होते. "लाइट लावा." लावला. "डिपर." दिला. "ठीक आहे." रणरणत्या उन्हात तो दिवा मला स्वतःला लागलेला दिसत नव्हता. खासगी मोटारीचं तर विचारूच नका. तिची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते. म्हणजे आज नव्या गाडीत कुणी काहीही बल्ब घातला, तर पंधरा वर्षं त्याकडे बघायला कायद्याने कुणी बांधील नाही. दुचाकीचंही तेच, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचे दिवे तर दिवसरात्र चालूच असतात. नाक्यावर काळ्या काचा तपासतात, नंबरप्लेट तपासतात, हेल्मेट, पीयूसी, सगळं दिवसा. रात्री जी नाकाबंदी असते ती दारूची. तिथे थांबलेल्या प्रत्येक गाडीचा लाइट पोलिसांच्याच डोळ्यांवर येतो आणि तेही हाताने डोळे झाकून, "लाइट बंद करा" म्हणतात. पावती मात्र मी कधी फाटलेली पाहिली नाही. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं. चौकात फुलं देतात, शाळेच्या मुलांची फेरी निघते, सकाळी दहा वाजता.

आणि जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऐन गाळप.

इथे मी कारखान्यांकडे वळतो. दिवाळीच्या आगेमागे गाड्या लागतात त्या पार मार्चपर्यंत. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर छताएवढा ऊस. शिवाय टायरच्या बैलगाड्या. हे लोक काही मजेने रात्री फिरत नाहीत. तोड दिवसभर चालते, संध्याकाळी गाडी भरते, नंबराला लावायची तर रात्रीच निघावं लागतं. टोळीची माणसं घरदार सोडून आलेली असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. लहानपणी पाहिलेल्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असायचा, चालीबरोबर हलणारा. एवढुशा उजेडाने गाडी लांबून ओळखू यायची, कारण बाकी सगळा अंधार होता. आज कंदील टांगला तरी समोरून येणाऱ्या पांढऱ्या झोतात तो बुडून जाईल. म्हणून आज ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसणं पूर्वीपेक्षा जास्त घातक झालं आहे. डोळे दिपलेल्या माणसाला न चमकणारी वस्तू दिसतच नाही. माझा अपघात यातल्या कुठल्याही एका कारणाने झाला नसता, दोन्ही एका जागी आली म्हणून झाला.

ट्रॅक्टरचा आणखी एक प्रकार आहे, तो शहरातल्या साहेबांना कदाचित ठाऊक नसेल. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागे तोंड केलेला एक दिवा असतो, रात्री नांगरट करताना अवजार दिसावं म्हणून. शेतात तो हवाच. पण मोकळा ट्रॅक्टर रस्त्यावर आला तरी तो चालूच राहतो. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय. तो डिपर देत बसतो, आणि प्रत्यक्षात आपण ट्रॅक्टरच्या मागे वेगाने पोचत असतो. मला स्वतःला बसमध्ये दोनदा असं फसायला झालं आहे, आणि तेव्हा माझ्यामागे पन्नास माणसं बसलेली होती.

महामार्गाबद्दल थोडक्यात. दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल शोभेसाठी लावतात, असं पुष्कळांना वाटतं. पलीकडच्या दिशेचा लाइट अडवायला ती झाडं असतात. सहापदरीकरणाचं काम जिथे चालू आहे तिथे झाडं नाहीत, पडदे नाहीत आणि वळणमार्गावर तर दोन्हीकडची वाहनं समोरासमोर. खंबाटकीचा घाट एकेरी, तिथे समोरून त्रास नाही, पण मागच्याचा लाइट आरशातून येतो. (आतल्या आरशाखाली छोटी दांडी असते, ती आपल्याकडे ओढली की मागचा लाइट मंद होतो. माझ्या ओळखीच्या दहांतल्या आठ जणांना ती कशासाठी आहे ते माहीत नव्हतं.) आत गावरस्त्यांवर आलो की डाव्या कडेची पांढरी पट्टी नसते. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, समोरून लाइट आला की त्याच्याकडे बघू नका, वेग कमी करा, नजर डाव्या कडेच्या पट्टीवर ठेवा. नजर ठेवायला पट्टी तर हवी.

आता माझ्या डोळ्यांचं. मी साठी ओलांडली आहे, ते लपवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग धुरकट होतं आणि आत शिरलेला उजेड विखुरतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. पांढऱ्या-निळसर उजेडाचा त्रास पिवळ्यापेक्षा जास्त होतो. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झोताने ती सगळी कमाई जाते. पुन्हा थोडंफार दिसायला काही सेकंद जातात. तीनच सेकंद धरा. ताशी तीसच्या वेगाने तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर जाते, साठच्या वेगाने पन्नास मीटर. उभी ट्रॉली त्या पंचवीस मीटरांत होती. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मला हे असं आकड्यांत मिळालं. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग म्हाताऱ्यांनी रात्री निघूच नये म्हणा." निघू नये हे ठीक, पण दुधाची गाडी, भाजीची गाडी, ॲम्ब्युलन्स, शेवटची एसटी यांचं काय? आणि दिपतात ते तरुणांचेही डोळे. ते फक्त लवकर सावरतात.

माझ्या म्हणण्याला विरोध करणारे आमच्याच पारावर आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. रस्त्यावर खड्डे आहेत, रंग न मारलेले गतिरोधक आहेत, मधेच बसलेली गुरं आहेत, कडेला खडीचे ढीग आहेत, मैलोनमैल दिव्याचा खांब नाही. जास्त उजेड लागतोच. लागतो, पण तो रस्त्यावर लागतो, लिंबाच्या शेंड्यावर नाही. माझ्या एलईडीने माझ्या पुढ्यातली जमीन पांढरीधोप दिसायची आणि त्यापलीकडचा काळोख आणखी दाट व्हायचा. पसरणी घाटात धुकं असताना तर मीच उडवलेला उजेड माझ्याच डोळ्यांवर परत यायचा. एकाने एलईडी लावला म्हणून दुसरा लावतो, दुसऱ्याला दिसेना म्हणून तिसरा पट्टी जोडतो. या चढाओढीत मीही होतो, म्हणूनच सांगतो, ती आपली आपण थांबणार नाही. ती थांबवायला तुम्ही लागता.

मागण्या अशा आहेत.

अंधार पडल्यावर तपासणी करा. महिन्यातून चार रात्री, संध्याकाळी सात ते दहा, जिल्ह्याच्या वेगवेगळ्या रस्त्यांवर परिवहन आणि पोलीस यांचं एकत्र पथक उभं राहू द्या. रस्त्यावर खडूने गाडी थांबायची रेघ आखा, तिच्यापासून आठ मीटरवर दुसरी, आणि नियम १०६ प्रमाणे डिपरवर पाहा. पहिले दोन महिने दंड नको. बल्ब तिथल्या तिथे काढायला लावा किंवा दिवा खाली करून द्या. स्क्रू फिरवायचं काम आहे, सोबत एक इलेक्ट्रिशियन ठेवला की झालं. त्यानंतर मात्र दंड, आणि त्यातून सरकारी गाड्यांना सूट नको. टपावर दिवा असलेल्या गाड्यांचे पुढचे दिवेही माणसाच्या डोळ्यांतच जातात.

फिटनेस देताना दिव्याचा झोत यंत्रावर तपासा. यंत्र नसेल किंवा बंद असेल तर आडोशाला, अंधाऱ्या शेडमध्ये भिंतीवर रेघ बघा. दिवा लागतो का, एवढं पाहणं म्हणजे तपासणी नाही.

दुकानांपर्यंत जा. मी बल्ब चोरून आणला नाही, भर बाजारात पावतीवर आणला. तो रस्त्यावर चालत नाही असं खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असेल, तर दुकानात मोठ्या अक्षरात पाटी लावायला सांगा. ज्या गाडीला तो बसवायचा नाही तिला बसवून देणाऱ्यालाही जबाबदार धरा.

कारखान्यांना माझी मागणी सगळ्यात सोपी आणि बहुतेक सगळ्यात उपयोगाची आहे. प्रत्येक ट्रॉली आणि प्रत्येक बैलगाडी वजनकाट्यावर येतेच, चुकवता येत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी, दोन्ही अंगांना पिवळी, आणि ट्रॉलीला चालू असलेला लाल दिवा, एवढं असल्याशिवाय पुढच्या खेपेची चिठ्ठी देऊ नका. पट्टी कारखान्याने द्यावी. मजुराच्या आणि गाडीवानाच्या हिशेबातून तिचे पैसे कापू नयेत. हंगामाच्या पहिल्या दिवशी फोटो काढून एकदा पट्ट्या चिकटवणं वेगळं. त्या चिखलाने भरतात, दोरांनी खरवडतात, महिन्याभरात नाहीशा होतात. काट्यावर ओल्या फडक्याने पुसायला एक माणूस ठेवा. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर सोडायची वेळ आली तर मागे ठेवायला चमकणारा त्रिकोण प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याकडे द्या आणि कुणाला फोन करायचा तो नंबरही. दगड नकोत. गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात.

बांधकाम आणि महामार्ग खात्यांनी डाव्या कडेची पट्टी रंगवावी, वळणावर चमकणारे खांब लावावेत, आणि वळणमार्गावर दोन दिशांच्या मधे निदान हिरव्या जाळीचा पडदा टाकावा. कांद्याच्या चाळीला बांधतो तसली जाळीसुद्धा चालेल.

शेवटचं, हे काम कुठल्या एका खात्याचं ते आपण एकदा बसून ठरवा आणि जाहीर करा. माझा अर्ज चार टेबलं फिरला याचं मला दुःख नाही, एसटीत मी त्याहून जास्त फिरलेले अर्ज पाहिले आहेत. पण पुढच्याला तरी पहिल्याच खिडकीवर उत्तर मिळू द्या.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. मोठा निधी लागतो असं मला वाटत नाही, चुकत असेन तर आकडा सांगा. पुढचं गाळप सुरू व्हायच्या आत पहिली रात्रीची तपासणी व्हावी, एवढी अपेक्षा आहे. रहिमतपूर–कोरेगाव रस्त्यापासून सुरुवात केलीत तर मी हजर राहीन. आठ मीटरचं माप टाकलेली दोरी आणि खडू माझ्याकडे आहेत, आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेला पुतण्याही यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
ता. कोरेगाव, जि. सातारा

ता. क. हे वाचणाऱ्या चारचाकीवाल्यांसाठी: पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेली एक छोटी चकती असते. मागे माणसं किंवा सामान भरलं की गाडीचं नाक वर उचलतं आणि डिपरही वर जातो. तेव्हा ती चकती २ किंवा ३ वर फिरवायची, गाडी मोकळी झाली की परत ० वर आणायची. माझ्या जावयाने सहा वर्षं गाडी वापरली, त्याला ती एसीची वाटत होती.